चार नंबरची खोली

सावद्याला, बर्फाच्या बंद कारखान्याला लागून
शेठच्या सहा खोल्या आहेत केळी पिकवायच्या.
माझ्याकडे चार नंबर. रात्रपाळी.
आत नऊशे क्रेट, हिरवेगार,
काल दुपारपर्यंत तांदलवाडीच्या शिवारात
खाली तोंड करून लटकलेले.

काम तसं सोपं.
दर दोन तासांनी एका केळात सुई खुपसायची,
गराचं तापमान वहीत मांडायचं.
खोली सतरावर ठेवलेली.
गर म्हणतो अठरा, मग एकोणीस,
पहाटे साडेएकोणीस.
ही वरची ऊब येते कुठून
ते पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नाही.
मी आपला पंख्याला शिव्या घालायचो.

एकदा मुनीरा डबा घेऊन आली.
सातवीत आहे. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा,
म्हणून पुस्तक काखेतच.
वाढ, हालचाल, श्वसन, उत्सर्जन,
पाढे म्हणावेत तसं म्हणत होती.
मध्येच थांबली. क्रेटांकडे बघून म्हणाली,
"बा, कापेल केळं मरेल असते नं?"

मी बोललो नाही.
तिचा हात धरला आणि दोन क्रेटांच्या फटीत सारला.
बाहेर थंडगार, आत कोमट,
बकरीच्या पोटाला चिकटून करडू बसतं
तेवढं कोमट.
"हे त तापेल आहे!"
"ताप नाही त्याले," मी म्हटलं. "दम घेऊन राह्यलं."

देठ तुटला, मूळ सुटलं,
पाणी येणं बंद झालं कधीचं,
तरी आतल्या आत साखर जाळत बसलंय.
ती साखरही फुकटची नाही.
मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर,
पानं मधल्या शिरेवरून दोन्हीकडे मिटतात,
कौलारू छपरासारखी,
आतला ओलावा उडू नये म्हणून,
आणि सकाळच्या चार घटकांत मिळेल तेवढं ऊन खातात.
त्या उन्हाचं आता इथे अंधारात
पिवळं होतंय.

चोवीस तासांनी दार उघडावं लागतं.
त्यांनी सोडलेलं बाहेर जाऊ द्यावं लागतं.
पहिल्या वर्षी मी घाई केली,
उघडल्या उघडल्या आत शिरलो
आणि तिसऱ्या रांगेपाशी गुडघ्यांवर बसलो.
नऊशे क्रेटांचा उच्छ्वास
माझ्या एका छातीत कसा मावणार?
हमीद्याने पाय धरून ओढलं.
तेव्हापासून वीस मिनिटं बाहेर उभा राहतो.
बिडीसुद्धा लावत नाही.

रविवारी मुनीराला मेव्हण्याच्या मळ्यात नेलं.
सकाळी त्याने जास्तीची पिलं कोयत्यानं छाटली होती,
अगदी सपाट, टेबलासारखी.
आम्ही भाकरी खाल्ली, तिने विहिरीत खडे टाकले,
ऊन कललं तेव्हा परत पाहिलं,
तर प्रत्येक पिलाच्या मधोमध
बोटभर पांढुरकी पुंगी वर आलेली.
ती किती तरी वेळ उकिडवी बसून होती.
घड उतरवलेला थोरला खांब मात्र
मेव्हण्याने अर्धा तसाच उभा ठेवलेला.
"पाडत काहून नाही?"
"त्याच्यातलं पाणी उतरू दे खाली," तो म्हणाला,
"राखेल पिलाले."
एवढंच म्हणाला, आणि नळी सरकवायला गेला.

परीक्षेत मास्तरांनी विचारलं होतं,
सजीवाचं एक उदाहरण दे.
ही म्हणाली, चार नंबरची खोली.
दहापैकी सहा.
दोन दिवस रुसून होती. माझ्यावर.

आता पहाटेचे चार.
शर्टावर चिकाचे डाग, ते काही जात नाहीत,
बायकोने नाद सोडलाय.
गर साडेएकोणीस. दार उघडलं.
वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा,
त्यात काय लिहायचं ते शेठने सांगितलेलं नाही.
मी रोज लिहितो:
ठीक आहेत.